बोक्याच्या आंघोळीबाबत

आधी भांडण, मग आशीर्वाद. आठ दिवसांसाठी म्हणून हे कुत्रं माझ्या गळ्यात मारलंस, ते चिखल दिसला की लोळतं हे सांगायला तुझी जीभ झिजली असती का? आता आशीर्वाद. नातीबाई, सुखी रहा, वेळेवर जेव, सर्दी गेली का ते कळव. मी ठणठणीत आहे. (एवढं वाक्य बापाला मोठ्यानं वाचून दाखव. पुढचं नको. फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो नेमका तोच उचलतो.)

तू ठेवलेलं नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून मी त्याला बोक्या म्हणते. त्याला चालतं. त्याला काहीही चालतं. काल तो मैदानातून असा काही होऊन आला की मी त्याला नुसत्या शेपटीवरून ओळखलं. म्हटलं, एवढी पोरं न्हाऊमाखू घातली, ह्याचं काय मोठं! तू दारात उभी राहून सांगितलंस तसं सगळं केलं. केसांतल्या गाठी आधी विंचरल्या, पाणी कोमट केलं (कोपर बुडवून पाहिलं), कानांत कापसाचे बोळे घातले. त्यामुळे पुढे मी त्याला जे जे बोलले ते सगळं फुकट गेलं. साबण त्याचाच लावला, डोळ्यांत जाऊ दिला नाही. एवढी अक्कल पाजळली, आणि पायाखालची ओली फरशी तेवढी दिसली नाही. बोक्याचे चार पाय चार दिशांना गेले. मी त्याला सावरायला वाकले आणि बसले. पडले नाही. बसले. (तुझ्या बापानं बजावून ठेवलंय, आता एकदा जरी पडलीस तर तुझ्या घराला कुलूप आणि तू कायमची आमच्याकडे. म्हणून मी बसले.)

बसले ती बसलेच. उठायचं तर धरायचं कशाला? बादलीला धरलं, ती अंगावर उपडी झाली. नळाला धरलं, तो सुरू झाला. शेवटी बोक्याच धिंगाणा सोडून माझ्यापुढे भिंतीसारखा उभा राहिला. (तोंडाला साबणाची दाढी, अगदी तुझे आजोबा.) त्याच्या मानेला लोंबकळून उठते न उठते तोच खालचा शिंपी दारात. गळ्यात टेप, हातात कुणाचं तरी नवं जाकीट. धप्प आवाज ऐकून आला होता मेला.

"आजी, पडलात काय?"

"बादली पडली."

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत निथळताना पाहिलं. "तुमच्यासकट?"

आता ह्याच्याकडे तुझ्या बापाचा नंबर. पण बोक्यानं नेमकं तेव्हाच अंग झटकलं, आणि त्या जाकिटाचं जे काही झालं ते बघून शिंपी माझी चौकशीच विसरला. तेव्हापासून मी बोक्याला आधी वाढते, मग जेवते.

तुझी,
धडधाकट आजी

ता. क. गेल्या वर्षी तुझा बाप न्हाणीघरासाठी रबरी चटई आणि भिंतीला लावायची दांडी घेऊन आला होता. "असलं काही म्हातारीच्या घरात लाव," म्हणून मी दोन्ही त्याच्याच हाती परत पाठवल्या. तुमच्या माळ्यावर असतील. कुत्रं न्यायला येशील तेव्हा गुपचूप आण. कुत्र्यासाठी हव्यात. (कुत्रं जाणार तर दांडी कशाला, असं विचारायचं नाही. ते पुन्हा येईल.)

आणखी एक. दांडी माझ्या कमरेच्या उंचीवर लावायची. कुत्र्याला तीच बरी पडते.

उत्तर तूच लिही. बापानं फोन करतो म्हटलं तर सांग, आजीच्या कानांत कापूस आहे.