शहाडच्या खोलीतलं इंजेक्शन

सोम. ६ जाने.
शहाडला वंदनाकडे. तिचा नवरा दिलीप आधी गर्द ओढायचा, आता टोचून घेतो. आमचा अभ्यास एवढाच: डोस जास्त झाला तर घरच्यांना वेळेवर नॅलोक्सोनचं, म्हणजे गर्दचा असर उतरवणारं, इंजेक्शन देता येईल का? संत्र्यावर सुई टोचायला शिकवलं. पटकन जमलं तिला. दोन इंजेक्शनं घरात ठेवायला दिली. निघताना म्हणाली, "ताई, मी टोचलं आणि तो गेला, तर मलाच धरतील ना?"
नाही म्हणाले. खात्री मलाही नाही.

बुध. ८
तेच आमच्या अभ्यासाच्या प्रमुखांना, सरांना विचारलं. "वकिलांशी बोलतोय. तोवर काम चालू ठेवा." तोवर काही झालं तर?
गर्दचं नाव नको म्हणून आई इथे नौपाड्यात सगळ्यांना सांगते, मी डायबिटीसवर काम करते.

शनि. ११
दिलीप पहिल्यांदाच बोलला. फिटर होता. म्हणे नवीन माल वेगळाच आहे, "नेहमीएवढंच घेतलं तरी डोळे मिटतात." म्हटलं, निदान एकटे असताना घेऊ नका.
"मग काय, पत्रिका वाटू मॅडम?"
वंदना हसली. मला हसायला आलं नाही.

मंगळ. १४
संक्रांत. तिळगूळ द्यायला म्हणून गेलेले. दारातच वं.ची किंकाळी. दिलीप मोरीत आडवा, ओठ निळे, श्वास जवळजवळ नाहीच. ती इंजेक्शन हातात धरून नुसती उभी. "ताई तुम्ही द्या, तुम्ही द्या ना!"
संत्रं सोडून मी आजवर कशातच सुई टोचलेली नाही. मांडीत दिलं. तोंडाने श्वास देत राहिले. काही नाही. दुसरं दिलं.
मग एकदम मोठा श्वास. उलटी. शिव्या, मला. सगळी नशा उतरलेली, अंग थरथरत होतं.
अँब्युलन्स बोलावली म्हटल्यावर उठलाच. "पोलीस येतील." हात धरला, सांगत राहिले: या इंजेक्शनचा असर लवकर जातो, गर्द अंगात राहतं, श्वास परत थांबेल, थोडा वेळ तरी बसा. झटकून गेला. अँब्युलन्स आली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच.

बुध. १५
आला नाही. स्टेशन, पुलाखाली, नदीकडची झाडी, सगळीकडे फिरलो दोघी. झाडीत कोणी पडलेलं दिसलं की वं. थांबायची, पुढे मी जायचे.
सरांचा मेसेज: "अभिनंदन! पहिला जीव वाचला." फोन पर्समध्ये टाकून परत शोधायला लागले.

गुरु. १६
सकाळी हॉस्पिटलमधून वं.ला फोन. रस्त्यावरून एक माणूस आणलाय, खिशात तिचा नंबर मिळाला, ओळखायला या. जिवंत आहे का, हे तिने विचारलं नाही. मलाही विचारू दिलं नाही. रिक्षात माझा दंड घट्ट धरून बसलेली.
आत्ता ती आत गेलीये. मी बाहेर बाकावर. काहीतरी करायचं म्हणून हे लिहितेय. दार बंद आहे. आतून अजून कसलाच आवाज ना—