मागे राहिलेलीचं पान

८ ऑगस्ट १९९४
पान फेकलं माझं! दाराबाहेर वरणभाताचं ठेवलेलं, सूनबाईंनी उचलून थेट कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये. "आई, कॉरिडॉरमध्ये अन्न ठेवलं तर उंदीर येतात, दंड होतो." उंदीर! समोरची चिनी म्हातारी कालपासून खाली गवतावर भात-संत्री मांडतेय तिच्या भुतांना, ते चालतं.
आमच्या घरात मुक्काम हलायचा ठरला की मागे राहिलेलीचं पान आधी. बावन्न वर्षं ठेवतेय. लेकाला, श्रीनिवासला, रॉटरडॅमच्या बंदरात नोकरी लागली, आम्हा चौघांचे व्हिसाचे कागद गेलेत — आणि गार्गीला उंदीर दिसतात.

१० ऑगस्ट
तन्वीला शाळेत लिहायचंय, पूर्वी लोक गावं सोडून का गेले. "आजी, टेल मी लाह!" इथल्या पोरांचं प्रत्येक वाक्य 'लाह'वर संपतं. सांगितलं.
दुर्गादेवीचा दुष्काळ. बारा वर्षं. देशावरचं आमचं गावच्या गाव उठलं, घाट उतरून कोकणात निघालं. एका म्हातारीला चालवेना. तिला देवळात बसवलं, म्हणाले, पाऊस पडला की परत येऊ. गेलं कोण? कुणी नाही! घाट उतरेपर्यंत ती एकेकाला नावाने हाका मारत होती. एका पोरीने ओ दिली. ती खाली पोचलीच नाही. जी ओ देते ती मागे राहते.
खाली साथ आली, पोरं मेली. मग घाबरले. दगड मांडला, शेंदूर फासला. वर म्हातारी होती, खाली देवी झाली. तिथल्या लोकांचा देव डोंगरावर आधीपासून होताच — पहिला नारळ त्याचा, दुसरा हिचा, असं कबूल केलं तेव्हा कुठे जागा मिळाली. पुढे तेच लोक हिला नवस बोलायला लागले! आमचं आडनावसुद्धा खालचं. वरचं काय होतं, कुणाला ठाऊक.
तन्वी म्हणाली, "सो अवर गॉड इज समबडी यू ऑल डम्प्ड?"
कारटी हुशार आहे. आईवर नाही गेली.

१३ ऑगस्ट
तिन्हीसांजेला बाहेरून हाक. "तन्वीऽ!" बाईचा आवाज. कॉरिडॉर रिकामा.

१४ ऑगस्ट
आजही. लिफ्टच्या बाजूने. गार्गीलाही ऐकू आली. "शेजारची मुलं असतील." आमच्या या बुकित बातोक वसाहतीतल्या कुठल्या पोराला असा घाटावरचा हेल येतो? आणि घसा कोरडा, पाणी न मिळाल्यासारखा. पण तिनेच पोरीला आत ओढून कडी घातली.

१५ ऑगस्ट
समोरच्या म्हातारीने लिफ्टपाशी माझा हात धरला. आमच्या दाराकडे बोट केलं, मग कानाकडे, मग ओठांवर ठेवलं. तिला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही. सगळं कळलं. तिचेही लोक कुणाला तरी टाकूनच आले असणार.

१७ ऑगस्ट
तन्वी केस पुसत बाहेरच्या खोलीत आली नि हाक आली. अगदी दाराशी! पोरीने तोंड उघडलं — "कमिं..." मी तिच्या तोंडावर हात दाबला नि स्वतः ओरडले, "ओऽ! आले!"
बाहेर एकदम गप्प.
पोरगी रडली. माझ्या तळव्यात दात रुतलेत. हळद लावली. मी सत्तरीची, त्या घाटात मलाच बसवलं असतं. वाईट कशाला वाटून घ्यायचं?

२४ ऑगस्ट
आठवडा झाला, हाक नाही.

२९ ऑगस्ट
कागद आले. तिघांचे. माझे नाहीत, का, ते लिहिलेलं नाही. श्रीनिवास म्हणतो, सहा महिने काढ, फ्लॅट ठेवतो. गार्गी रडली. खरं रडली, हेही लिहून ठेवते.
मागे राहिले की मी हाका मारणार, मला माझी खात्री आहे. तोंडात तन्वीचंच नाव येईल. तिने ओ द्यायची नाही. गार्गीनेही नाही. श्रीनिवासने द्यायची.