सर वाकले की आकसणारा ठिपका

तीर्थरूप मामास साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण प्रयोगशाळेच्या फरशीवर सकाळी काय सांडलं ते कुणीच कबूल करत नाही).

मी खुशाल आहे. तुझ्या पायाच्या अंगठ्याची चौकशी करायची नाही असं तू फोनवर बजावलंस, म्हणून करत नाही. साखर असलेल्या माणसाची बूट चावल्याची जखम महिनाभर बरी होत नसेल, तर त्यात काळजीचं काय, नाही का?

मी दिवसभर करते तरी काय, असं तू विचारलं होतंस. जेलीचे ठिपके करते, मोहरीहून लहान. पाणी आंबट झालं की ठिपका आकसतो, उलट झालं की फुगतो, आणि त्यावरून पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, कळतो. चिघळणाऱ्या जखमेचा पीएच बरेचदा वाढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. म्हणून पुढेमागे हा ठिपका मलमपट्टीत बसवायचा आणि पट्टी न सोडताच जखमेची खबर घ्यायची, असा आमच्या सरांचा बेत आहे.

पण परवा ठिपक्याने माझी अब्रूच काढली. थेंबभर पाण्यात टम्म फुगलेला ठिपका सर बघायला वाकले, समजावून सांगू लागले की हळूहळू आकसायचा. सर चहाला गेले की पुन्हा फुगायचा. (मला नवल वाटलं नाही. माझंही तसंच होतं.) सर म्हणाले, हे जेल टाकून दे, नव्याने सुरू कर. वर्षभराची मेहनत. मी इतकी चिडले की ठिपक्यावर वाकून त्याला तुझ्याकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या, तर तो माझ्यापुढेही आकसला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून थेंब आंबट होत होता. बिचारा खरं तेच सांगत होता. सर फार जवळून आणि फार वेळ बोलतात, हे त्यांना कोण सांगणार? मी थेंबावर काचेचं झाकण घातलं आणि धुळीचं निमित्त सांगितलं. सर तासभर बोलले, ठिपका ढिम्म हलला नाही. जेल वाचलं.

मामीला नमस्कार.

तुझी भाची

ता. क. हा ठिपका अंगठ्याला लावायला मागू नकोस. तो माणसाला लावण्याजोगा व्हायला अजून वर्षं लागतील आणि अंगठा तेवढा थांबणार नाही.

आणखी एक ता. क. मामी म्हणते, तू झोपतानाही मोजे काढत नाहीस. मी रविवारी येतेय, सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मला भीती वाटते, मामा. माझ्या सायकलमागे गल्लीभर धावलेले पाय आहेत ते, त्यांच्यावर माझाही हक्क आहे. वरचं सगळं विसरलास तरी चालेल, मोजा तेवढा काढ.