बारा फेऱ्यांचे बूट

ता. ३ मार्च

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसतेय, तेव्हा आधी चार शिव्या घालून घे, मग पुढे वाच. शाळेत परीक्षा चालू आहेत. चाळीस पोरांच्या चाळीस वह्या, आणि प्रत्येकाचं अक्षर तुझ्यासारखं, कोंबडीचे पाय.

खरं कारण वेगळं आहे. खारूला कागद आलाय. वीस वर्षं पूर्ण झाली की येतो हे ठाऊक होतं, तरी पोस्टमन दारात दिसला तेव्हा मी हात पुढे करायचं विसरले. पुढच्या महिन्यात बावीस तारखेला भरतीच्या मैदानावर हजर व्हायचंय. पद्धत अजून तीच आहे. आपल्याच बुटांनी मैदानाला बारा फेऱ्या मारायच्या. जो लंगडेल तो बाजूला, बाकीच्यांकडून कागदावर सही घ्यायची आणि दोन दिवसांत आघाडीकडे रवाना. आमच्या चिरंजीवांची पावलं तुला माहीत आहेत, पाटासारखी सपाट, अगदी आपल्या दादाची. बाजारातून परत येतानाही पाय ओढत येतो. कागद आल्यापासून पुस्तक उघडतो आणि तासभर तेच पान बघत बसतो.

मला युद्धाचं कौतुक नाही. पण गल्लीतली सगळी पोरं गेली, आणि चारचौघांत आपला मुलगा लंगडताना मला बघवणार नाही. तेव्हा बाबांनी दादासाठी केले होते तसे बूट त्याला करून दे. पावलांचं माप कागदावर काढून सोबत पाठवलंय.

हल्ली बाबांचं जुनं दुकान फार आठवतं. दादा मला खांद्यावर घेऊन वरच्या फळीवरचे लाकडी साचे दाखवायचा. हा डॉक्टरांचा पाय, हा मास्तरांचा, हा सावकाराचा, आणि मी प्रत्येक पायाला गुदगुल्या करायचे. तो बारा फेऱ्या कसा ताठ चालला ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. पोरं अगदी गप्प बसून ऐकतात.

वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर तक्रार नाही.

तुझी,
छबी


ता. ११ मार्च

चि. छबीस,
अ. उ. आ.

अक्षराबद्दलचं वाक्य तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, यात कोंबडीचा अपमान आहे.

माप मिळालं. कागद मेजावर पसरला. तो दादाचाच पाय आहे गं. दोन दिवस मी कातड्याला हात लावला नाही. छबी, वर्गात सांगतेस ती गोष्ट अर्धी आहे. तू तेव्हा सहा वर्षांची, म्हणून अर्धीच सांगितली, आणि पुढे पुरी करायचा धीर कुणाला झाला नाही.

त्या वर्षी गावातलं प्रत्येक घर देवाला एकच मागत होतं, आमचा मुलगा लंगडू दे. शिंप्याच्या बायकोने मुलाच्या बुटात खडा घालून दिला होता. सुताराने आपल्या मुलाला आठवडाभर आखूड बुटांत वागवलं. दादाला काही करायचीच गरज नव्हती, तिसऱ्या फेरीत सुटला असता. पण बाबांनी डोक्यात घेतलं, की बूटवाल्याचाच मुलगा गावासमोर लंगडला तर दुकानाची अब्रू काय राहील. आठ दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. तळव्याखाली कातड्याचे सात पातळ थर एकावर एक तासून बसवले. डाव्या बुटाची शिवण माझी. सोळा वर्षांचा होतो, आणि बाबांनी पहिल्यांदाच माझी शिवण उसवली नाही म्हणून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आई दोनदा दुकानात येऊन नका करू म्हणाली. बाबांनी मान वर केली नाही. दादा बिचारा शीळ घालत बसला होता. बाबांनी दिले ते त्याने घातले.

तो बारा फेऱ्या चालला. बाबा कुंपणाला टेकून फक्त त्याच्या टाचा बघत होते. शेजारच्या माणसाला अभिमानाने म्हणालेसुद्धा, की काम बघा काम. दादाचं नाव पुकारलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो. चार महिन्यांनी तार आली. पुढे आई त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं.

मी खारूसाठी बूट करणार नाही. जुने घालून जाऊ दे, लंगडू दे. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील.

रागावलीस तर पत्रात रागव, गप्प राहू नकोस. गप्प घरात मी बरीच वर्षं काढली आहेत.

तुझा,
भाऊ


ता. १९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने तीनदा वाचलं आणि माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत गेली. दोन दिवस शाळेत गेली नाही. आता तिचा सगळा सूर बदललाय. जुने बूट पुसून ठेवलेत आणि अंगणातून एक बेताचा खडाही निवडून आणलाय.

मामा, मला जायचं नाही. ज्याने माझं काही बिघडवलं नाही त्याच्यावर मी बंदूक धरणार नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पण लंगडून सुटलो, तर नाही म्हणणारा माझा पाय ठरेल, मी नाही. पाववाल्याच्या मुलालाही माझ्याबरोबर कागद आलाय. त्यालाही जायचं नाही, पण त्याचे पाय धडधाकट आहेत. त्याने काय करायचं? मला बारा फेऱ्या नीट चालायच्या आहेत आणि कागद समोर आला की सही करायची नाही. याला दोन वर्षं रस्त्याच्या कामाची शिक्षा आहे, कायदा वाचून खात्री केली आहे.

त्यासाठी मला बूट हवेत. आईला मी सांगेन, पण आदल्या दिवशी. आधी सांगितलं तर मीच विरघळेन. तुम्ही नाही म्हणालात तरी राग नाही.

तुमच्या मायेतला,
खारू


ता. ६ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

बूट पाठवतोय. तुझं पत्र वाचून आधी संतापलो. आपल्या घराण्यात शहाणपण असं वाकड्या वाटेनेच येतं का, म्हणून तुझ्या मामीपुढे तणतणलो. ती म्हणाली, बाबांनी दादाला विचारलं नव्हतं, या पोराने स्वतः मागितलेत. मग मी कातडं कापायला घेतलं.

नवा साचा करावा लागला नाही. दादाचे साचे बाबांनी फेकले नव्हते, जुन्या पेटीत तळाशी होते. उजव्यावर त्याने स्वतः पेन्सिलीने लिहून ठेवलंय, हा पाय मालकांचा आहे, सांभाळून धरावा. ते वाचून हसलो आणि साचा पुसून मेजावर ठेवला. सात थर घातलेत. आधी आठ दिवस, आई शाळेत असताना, घरात वापर, नाहीतर टाच सोलून निघेल.

मला भीती वाटते हे तुझ्यापासून लपवत नाही. ऐन वेळी जीभ अडली आणि सही करून बसलास, तर माझ्या हातून दुसऱ्यांदा तेच घडेल.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा,
मामा


ता. २६ एप्रिल

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

मी तुझ्यावर रागावलेय, हे पहिलं. मामा-भाचे मिळून कट करतात आणि आईला आदल्या दिवशी कळतं. याची भरपाई तुला फार जड जाणार आहे.

मैदानावर मी गेले होते. पहिल्या फेरीपासून मनात म्हणत होते, लंगड मेल्या, लंगड. तो लंगडला नाही. किती सुरेख चालला रे. भरतीच्या साहेबाने पाठ थोपटली आणि पेन पुढे केलं. खारूने ते हातात घेतलं, तेव्हा माझा जीव गेला. मग ते त्याने हळूच टेबलावर ठेवलं आणि सही करणार नाही म्हणाला. आवाज कापत होता, पण सगळ्यांनी ऐकलं.

साहेबाला वाटलं पोराला बरं नाही, म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बूट काढायला लावले, पावलं बघितली आणि माणूस भला असावा, म्हणाले की या पायांनी तू इतका चाललास कसा, मी पायाचं कारण लिहितो, घरी जा. भाऊ, माझ्या तोंडाशी आलं होतं, हो म्हण रे. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो म्हणाला, पायाचं लिहू नका, मी नाही म्हणालो असं लिहा. डॉक्टरांनी तसं लिहिलं. पाववाल्याच्या मुलाने सही केली, पण फार वेळ कागद वाचत उभा होता.

काल खारूला रस्त्याच्या कामावर नेलं. शेजारणी खिडकीतून बघून आत गेल्या. मुख्याध्यापकांनी उद्या भेटायला बोलावलंय, नोकरीचं काय ते उद्या कळेल. मी खूप रडले, अजूनही रडतेय, अक्षर बघशीलच.

जाताना शिपायाने मला एक पावती दिली. तिच्यावर खारूचा नंबर आहे आणि सुटकेची तारीख आहे, दोन वर्षांनंतरची, पंचवीस एप्रिल. सकाळपासून मी ती कितीदा वाचली असेल. दादा गेला तेव्हा असला कागद आईला कुणी दिला नव्हता. माझा मुलगा घरी कधी येणार ते माझ्याकडे लिहून आहे.

त्या दिवशी तू आणि वहिनी इथे हवेत. तोवर लिहीत राहा आणि आम्हा दोघांवरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
छबी