पाचवीआधीचं कापड

नवागाम, सुरत
फेब्रुवारी १९९६

चि. सूनबाई उज्ज्वला,

बाळ दीड किलोचं, पण माझं बोट काय घट्ट धरायचं! तू हसलीस, "मामा, हा तुमच्यासारखाच लूम चालवणार."

सिस्टरनं त्याला नव्या गरम कापडात गुंडाळलं होतं. पाचवीआधी नवं नको म्हणून मीच ते काढलं. जन्मभर नवं कापड विणलं आणि नातवाला माझं विरलेलं धोतर गुंडाळलं. सकाळी बाळ गार पडलेलं. डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, "काका, इतक्या कमी वजनाला थंडीच घात करते."

घरच्यांनी तुझ्या गरोदरपणातल्या उपासांना बोल लावला. मी तोंडात मूग धरून बसलो.

उद्या माझा ललित तुला माहेराहून आणायला निघतोय. हे पत्र त्याच्या हाती द्यायचं, तर आधी त्यालाच सांगावं लागेल.

तुझा अपराधी,
सुपडूमामा