चार बोटांच्या गोवऱ्या

आधी तुझ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं ऐक, मग आशीर्वाद घे. नारायणगडाच्या जत्रेत पंगतीला बसून त्रिंबकनं पन्नास माणसांत सांगितलं, की आमच्या आक्काच्या घरात दाजींनी जमवलेली निजामाची नाणी आहेत, त्यात एक सोन्याची मोहर आहे. एवढ्यावर थांबला असता तर धाकटा भाऊ म्हणून सोडला असता. पण विकून कारखान्याचे शेअर घे म्हणून कितीदा सांगितलं तरी आक्का ऐकत नाही, हेही सांगितलं. म्हणजे ऐवज अजून घरातच आहे याची ग्वाही दिली. सोसायटीचा संचालक झाला, पण तोंडाला झाकण बसवायचं राहिलं.

असो. चि. सौ. विमल, तुला थोरल्या नणंदेचे आशीर्वाद. कंबर कशी आहे ते कळव. माझे गुडघे होते तिथंच आहेत. विहिरीत बादली टाकली तर खडखड वाजते, रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी पाण्याच्या घोटानं खाली ढकलतो. बाकी क्षेम.

नाणी तुला ठाऊकच आहेत. चारमिनारच्या छापाचे वीस चांदीचे रुपये आणि एकविसावी मोहर. त्या मोहरेपायी आमच्या मालकांनी दुभती म्हैस दिली होती (मी आठ दिवस बोलले नाही, त्यांना वाटलं माझा घसा बसला). जाताना म्हणाले, जमवलेलं मोडू नको. माणूस गेला, म्हैस गेली, राहिली ही एकवीस. ती मी कणगीत ठेवली होती.

जत्रेनंतर चौथ्या दिवशी सटवा दारात उभा राहिला. सटवा म्हणजे आमच्या गावचा चोर. हातात कसब असं, की पाच जिल्ह्यांत हिंडून आला पण कुणाचं लेकरू जागं केलं नाही, आणि येताना कडी लावून यायचा, कुत्री शिरू नयेत म्हणून. गावात हात घालायचा नाही, हा त्याचा नेम. मला म्हणाला, "काकी, कणगीत असलं तर काढा. आदी तितंच हात जातो. माझं भ्या न्हाई, पर जत्रंत भायेरची मान्सं बी हुती." मग ठेवू कुठं, विचारलं. म्हणाला, जे चोराला उचलावंसंच वाटत नाही त्यात ठेवा. डॉक्टरनं सांगावं तसं सांगून गेला. फी म्हणून चहा घेतला, तोही बिनदुधाचा.

आमची बैलं सोसायटीच्या गुरांच्या छावणीला आहेत. तिथलं शेण आणून मी गोवऱ्या थापते. एका गोवरीत एक नाणं, अशा एकवीस गोवऱ्या थापल्या आणि वाळवून वेगळ्या रचल्या. कुणाला सांगितलं नाही. सूनबाईलाही नाही. तिथं माझं चुकलं.

कारण वैशाखात सटवा मेला. या दुष्काळानं त्याचाही धंदा बसवला (चोरायचं काय, मिलो?), म्हणून रोजगार हमीवर खडी फोडायला जात होता. जन्मभर अंधारात काम केलेला माणूस, उन्हात दोन महिने टिकला नाही. आमच्याकडे मयत झाली की घरटी पाच गोवऱ्या द्यायची रीत. मी तेव्हा छावणीवर. आमची सूनबाई सिंधू मनानं चांगली. जुन्या गोवऱ्या भुसभुशीत झाल्या होत्या, मेलेल्याला काय वाईट द्यायचं, म्हणून तिनं माझ्या नव्या पाच काढून दिल्या. मी घरी येऊन रास मोजली, सोळा भरली, तेव्हा मसणवटीत धूर निघाला होता. सोळाच्या सोळा फोडल्या. मोहर नव्हती. जे जितेपणी त्यानं नेलं नाही ते मेल्यावर बसल्या जागी नेलं, आणि पोचवायला माझी सून. मी कपाळाला हात लावला, पण आत कुठंतरी वाटलं, वा रे गड्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना चार काळे रुपये निघाले. गाव थक्क झालं. कुणी म्हणालं पोलिसाच्या भीतीनं गिळले असतील, कुणी म्हणालं पुण्यवान होता. बद्रीनाथ सरपंचानं ते सोसायटीच्या तिजोरीत ठेवले आणि दवंडी दिली, मालकानं ओळख पटवून न्यावेत. मालकीण रोज त्या दारावरून घागर घेऊन जाते. बोलले असते तर बाकीची कुठं, हा सवाल आला असता. माझा जीव अडकला होता पाचव्यात.

दहावा झाल्यावर सटव्याची बायको भामाबाई छावणीवर शेण भरायला आली. माझ्या पाटीत तिनं तिच्या हातचा एक गोळा टाकला आणि म्हणाली, हा माझा नव्हे. गोळ्यात मोहर. कडबा तोडताना माझी करंगळी गेली तेव्हापासून माझ्या गोवरीवर चारच बोटं उठतात. ही बाई नवऱ्याच्या उशाशी रडत होती आणि कुणाच्या घरून कसली गोवरी आली ते बघत होती. चार बोटांच्या पाचही हाताला जड लागल्या, कडा फोडून पाहिल्या. मी विचारलं, मग चार चितेत का ठेवलीस? म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातून कदी रिकाम्या हातानं आला न्हाई, काकी. सोताच्या घरातून कसा रिकामा धाडू? पर मोहर त्याला पचली नसती."

विमल, मी साठ वर्षांत लई बाया पाहिल्या, मीही त्यांतलीच. घरात मिलोचा दाणा नाही आणि सोनं शेणात घालून परत देणारी ही एकच. त्या चार नाण्यांवर मी पाणी सोडलं. उरलेली सतरा तिच्याच घरी नेऊन ठेवली. चोराच्या घरी चोरी करायला कोण जाईल?

तुझी नणंद,
वच्छलाबाई

ता. क. छावणीवरची पेंडीची पोती रोज एक-दोन कमी होतात. त्रिंबक छावणीच्या कमिटीवर आहे. तिथं राखणदार म्हणून भामाबाईला लावायचं. चोराची बायको म्हणून नाक मुरडेल. त्याला म्हणावं, पोतं कुठल्या वाटेनं जातं हे तुझ्या कमिटीत कुणाला कळतं? (कळत असेल तर त्याला आधी धर.) नाणी कुठं आहेत ते मात्र सांगू नको. जळाली म्हण. हे पत्र चुलीत घाल, आणि गोवरी घालण्याआधी फोडून बघायची सवय लाव.

आणखी एक. सटवा गावात हात घालत नव्हता, असं वर लिहिलं आहे. नाणी ठेवायला भामाबाईनं आतून पितळेची तपेली आणली. सात वर्षांमागं माझी चोरीला गेली ती. बुडावर मालकांचं नाव आहे. भामाबाईला वाचता येत नाही, मी वाचलं आणि नाणी आत मोजून ठेवली. माझ्याच तपेलीत माझी नाणी, याहून भरवशाची जागा कुठली?

भामाबाईच्या नेमणुकीचं उत्तर तू लिहायचं नाही. पंगतीत तोंड उघडलं त्यानं, लेखणीही त्यानंच उचलायची, आणि खाली सोसायटीचा शिक्का मारायचा.