आधीचं दुखणं

आई, तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी आपलं कळस गावातलं स्वयंपाकघर अजून तसंच डोळ्यांपुढं येतं.

मी तेव्हा चौथीत होते. माझ्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. वडलांना मी दादाच म्हणायचे; ते बारामतीच्या एका कंपनीत फिटर होते आणि तिथल्या सामूहिक विम्यात कामगारांच्या पोरांची जुनी दुखणीही बसायची. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळ्यात ऑपरेशन करू. तेवढ्यात दादांना इंदापूरजवळ नव्या कारखान्यात वरची जागा मिळाली. हाताखाली माणसं, शिवाय घराजवळ. त्यांनी जुनी नोकरी सोडली. नव्या ठिकाणच्या विम्यात आधीचं दुखणं धरत नाहीत, हे आपल्याला विम्याचा एजंट घरी आला तेव्हा कळलं.

तू चुलीपुढं भाकरी थापतेयस. एजंट हळूच म्हणतो, "वहिनी, पोरीचं सांगूच नका. वरून कुठं दिसतंय?" दादा खाली मान घालून बसलेत. तू पिठाच्या हातानं मला जवळ ओढतेस.

"हिच्या छातीला कान लावा. दिसत न्हाय, पर ऐकू येतंय. डॉक्टर इचारणारच, कवापासनं हाय म्हणून. तवा आमी काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी तू दादांना घेऊन बारामती गाठलीस. मलाही नेलंस. जुन्या साहेबांच्या खोलीत दादा दारापाशीच थांबले. शेवटी तूच बोललीस, "सायेब, ह्यांना परत घ्या. कसल्याबी कामावर घ्या, पर पोरगी इम्यात बसू द्या."

फिटरची जागा भरली होती. साहेबांनी दादांना हेल्पर म्हणून घेतलं. ज्यांना त्यांनी काम शिकवलं, त्यांच्याच हातात ते नट-बोल्टचे पाने द्यायला लागले. घरी आले की गप्प जेवायचे, तुझ्याकडं बघायचेही नाहीत. उन्हाळ्यात माझं ऑपरेशन झालं. पावसाळा सरता सरता मी टोमॅटोच्या वावरातून पळत घरी आले, न थांबता, धाप न लागता. दादा दारात उभे होते. आत वळून तुला एवढंच म्हणाले, "बरं केलंस." पुढं कितीतरी वर्षं ते हेल्परच राहिले.

हे पत्र कुठं टाकणार? गेल्या आठवड्यात मी नोकरी बदलली. विम्याच्या बाईनं माझ्या मुलाबद्दल विचारलं. मी त्याचा दमा सांगितला, पण सांगताना आवाज कापला. साहेबांपुढं तू ताठ उभी होतीस. तूही आतून घाबरली होतीस का, हे मी कधी विचारलं नाही. घाबरली होतीस असं कळलं, तर खरं सांगते आई, मला जरा बरं वाटेल.